कॅनवरचं बारीक नाव: सीसीसी, द्राक्षबाग आणि अल्काइल हॅलाइड

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

एकलहऱ्याहून बोलतेय. मागे कोळशाच्या वॅगनचा खडखडाट आला तर समजून घ्या. औष्णिक केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला तो आता ऐकूही येत नाही.

आजचा विषय बारावीच्या मुलांचा आहे, पण बाकीच्यांनी लगेच पळू नका. गेल्या आठवड्यात मी हॅलोजन डेरिव्हेटिव्हजचा धडा सुरू केला. फळ्यावर आर-एक्स लिहिलं. आर म्हणजे अल्काइल गट, एक्स म्हणजे हॅलोजन. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, हे पेपरात किती मार्कांना येतं ते कळलं. पण हे आम्हाला लागणार कुठे?"

या मुलाच्या घरी द्राक्षबाग आहे. मी त्याला तिथेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न मी स्वतः २०१० साली विचारायला हवा होता, आणि विचारला नाही. आजचा भाग म्हणजे त्याला दिलेलं उत्तर.

२०१० चा एप्रिल

त्या वर्षी मी बारावीला होते. बोर्डाची परीक्षा संपली होती, सीईटीचा अभ्यास चालू होता. सुट्टीत मी दिंडोरी तालुक्यात मामाकडे गेले. मामाची द्राक्षं त्या सीझनला युरोपला गेली होती. माल तोडून, पॅक होऊन, कंटेनरमधून रवाना झाला होता. तपासणीचा रिपोर्ट हातात होता, त्यात सगळं ठीक होतं. घरात वातावरण मस्त होतं. मामीने नव्या फ्रिजचे भाव काढून ठेवले होते.

मग बातमी आली. युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये 'क्लोरमेक्वाट क्लोराइड' नावाच्या रसायनाचे अंश सापडले होते, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. माल अडकला, भाव पडले. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी निर्यातदार शेतकऱ्यांचं ते वर्ष वाया गेलं.

मामाने पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "आपण असलं काही मारलंच नाही बुवा. कीटकनाशकाची सगळी नोंद आहे माझ्याकडे. आपण फक्त सीसीसी मारलं, ते पण खरड छाटणीनंतर."

मी औषधांच्या खोलीत गेले. कॅन तिथेच होता. वर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, ब्रँडचं नाव, हिरव्यागार पानांचं चित्र. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं: क्लोरमेक्वाट क्लोराइड, ५० टक्के.

सीसीसी म्हणजेच क्लोरमेक्वाट. क्लोरो-कोलीन-क्लोराइड, म्हणून तीन 'सी'. मामाला सीसीसी माहीत होतं, क्लोरमेक्वाट माहीत नव्हतं. आणि मी? मी त्याच महिन्यात वीस-वीस अल्काइल हॅलाइडची नावं घोकत होते, आणि त्यातलंच एक मामाच्या खोलीत वर्षभर पडलेलं होतं. मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

आता ते नाव नीट वाचू या.

नाव कसं वाचायचं

आधी सोपं उदाहरण. चार कार्बनची साखळी आहे. दुसऱ्या कार्बनवर ब्रोमीन, तिसऱ्यावर मिथाइल. नंबर डावीकडून द्या की उजवीकडून, जागा २ आणि ३ याच येतात. मग आधीचा नंबर कोणाला? मुलं म्हणतात, ब्रोमीन मोठा, म्हणून त्याला. उत्तर बरोबर, कारण चूक. या नामकरणात हॅलोजन आणि अल्काइल गट एकाच पायरीवर असतात. बरोबरी झाली की इंग्रजी वर्णक्रम बघायचा. 'बी' 'एम'च्या आधी येतो, म्हणून २-ब्रोमो-३-मिथाइलब्युटेन. एवढंच.

दुसरी गोष्ट, वर्ग. ज्या कार्बनवर हॅलोजन बसलाय, त्याला आणखी किती कार्बन चिकटलेत ते मोजा. एक असेल तर प्रायमरी, दोन असतील तर सेकंडरी, तीन असतील तर टर्शरी. पाठ करायचं काही नाही, फक्त शेजारी मोजायचे.

आता कॅनवरचं नाव घ्या. क्लोरमेक्वाटचं रासायनिक नाव आहे २-क्लोरोइथाइल ट्रायमिथाइल अमोनियम क्लोराइड. घाबरू नका, तुकडे करा. 'इथाइल' म्हणजे दोन कार्बन. '२-क्लोरो' म्हणजे दुसऱ्या कार्बनवर क्लोरीन. त्या क्लोरीनच्या कार्बनला शेजारी एकच कार्बन, म्हणजे हा झाला प्रायमरी अल्काइल क्लोराइड. पहिल्या कार्बनला नायट्रोजन जोडलाय, त्या नायट्रोजनवर तीन मिथाइल. चार बंध झाल्यामुळे नायट्रोजनवर धन प्रभार आलाय. आणि शेवटचा 'क्लोराइड' हा त्या धन प्रभाराचा जोडीदार, एक सुटा ऋण आयन.

म्हणजे या एका पदार्थात दोन क्लोरीन आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. प्रयोगशाळेत त्याच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर लगेच पांढरा अवक्षेप येतो. तो सुट्या क्लोराइडचा. कार्बनला चिकटलेला क्लोरीन त्यात भाग घेत नाही. तो सहसंयुज बंधाने बांधलेला आहे, आयन म्हणून पाण्यात मोकळा फिरत नाही. प्रॅक्टिकलमध्ये सेंद्रिय पदार्थातला हॅलोजन ओळखायला आपण आधी सोडियमबरोबर तापवतो, ते याचसाठी. बांधलेल्याला आधी आयन करायचं, मग सिल्व्हर नायट्रेट.

बंध का तुटतो, कसा तुटतो

कार्बन आणि हॅलोजन यांच्यातली इलेक्ट्रॉनची जोडी हॅलोजन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे कार्बनवर थोडा धन प्रभार येतो. इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन फिरणारा कोणीही, हायड्रॉक्साइड असो, अमोनिया असो, अमाइन असो, त्याची नजर या कार्बनवर पडते. त्यालाच न्यूक्लिओफाइल म्हणतात.

हॅलोजन जितका मोठा तितका बंध लांब आणि कच्चा. मिथाइल क्लोराइडमध्ये हा बंध १७८ पिकोमीटर लांब आहे आणि तोडायला मोलमागे ३५१ किलोज्यूल लागतात. मिथाइल आयोडाइडमध्ये लांबी २१४ आणि ऊर्जा २३४. म्हणून आयोडाइड पटकन विक्रिया देतं, फ्लुओराइड जवळपास हलतच नाही, क्लोराइड आणि ब्रोमाइड मध्ये.

आता एस-एन-टू आणि एस-एन-वन. नाशिकरोडहून एकलहऱ्याला येणारी शेअर रिक्षा डोळ्यासमोर आणा. उजवीकडची दांडी नाही असं समजा, दोन्ही बाजू उघड्या. एस-एन-टूमध्ये नवा माणूस एका बाजूने आत घुसतो आणि त्याच क्षणी जुना माणूस दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. घुसणं आणि निघणं एकाच झटक्यात. म्हणून वेग दोघांवर अवलंबून. रिक्षात गर्दी जितकी कमी तितकं घुसणं सोपं. म्हणून मिथाइल सगळ्यात जलद, मग प्रायमरी, मग सेकंडरी. टर्शरीमध्ये तीन माणसं बोचकी घेऊन बसलेली, आत शिरायला वावच नाही.

मग टर्शरीत काय होतं? तिथे जुना माणूस आधी स्वतःच उतरतो. रिक्षा थोडा वेळ रिकामी राहते, म्हणजे कार्बनवर पूर्ण धन प्रभार येतो, कार्बोकॅटायन बनतो. मग नवा माणूस डावीकडून चढो की उजवीकडून. हे एस-एन-वन. याचा वेग फक्त उतरणाऱ्यावर ठरतो. पण हे घडायला तो धन प्रभार सांभाळणारे शेजारी लागतात. टर्शरी कार्बनला ते मिळतात, प्रायमरीला मिळत नाहीत.

सीसीसी कारखान्यात बनतं तेच मुळात एस-एन-टूने. १,२-डायक्लोरोइथेन घ्यायचं, म्हणजे दोन कार्बन आणि दोन्हींवर एकेक क्लोरीन. त्यावर ट्रायमिथाइलअमाइन सोडायचं. हे अमाइन म्हणजे शिळ्या मासळीचा वास. अमाइन मागून येतं, एक क्लोरीन निघून जातो, तोच सुटा क्लोराइड बनतो. दुसरा क्लोरीन जागेवर राहतो. तुमच्या धड्यात 'अमाइनबरोबर विक्रिया' म्हणून जी ओळ आहे, ती म्हणजे हा कॅन. सीसीसीच्या कॅनला मासळीसारखा वास का येतो, त्याचं उत्तरही त्याच ओळीत.

मग हा दुसरा क्लोरीन पुढे बागेत पाण्याबरोबर विक्रिया होऊन निघून का जात नाही? शेजारी बघा. एस-एन-वनने जायचं तर कार्बनवर धन प्रभार यायला हवा. तो प्रायमरी कार्बन, आणि पलीकडेच धन प्रभाराचा नायट्रोजन बसलाय. एका धनाच्या शेजारी दुसरा धन कोण उभा राहू देईल? तो रस्ता बंद. एस-एन-टूचा रस्ता उघडा आहे, पण साधं पाणी हा दुबळा न्यूक्लिओफाइल, नेहमीच्या तापमानाला फार काही करू शकत नाही. त्यामुळे सीसीसी पाण्यात टिकून राहतं.

तोच तुकडा, दुसरा शेजारी

शेजारी बदलला की काय होतं ते दाखवते. सटाणा, मालेगावकडचे लोक डाळिंबाचा बहार धरताना पानगळ करायला इथेफॉन फवारतात. त्याचं नाव वाचा: २-क्लोरोइथाइल फॉस्फॉनिक ॲसिड. अर्धं नाव अगदी तेच आहे! २-क्लोरोइथाइल. तेच दोन कार्बन, तोच प्रायमरी क्लोरीन. फक्त पलीकडे नायट्रोजनच्या जागी फॉस्फरसचा आम्लगट.

कॅनमध्ये आम्लता असते तोपर्यंत इथेफॉन शांत असतं. पानाच्या पेशीत आम्लता कमी होते, फॉस्फॉनिक गट आपले हायड्रोजन सोडून ऋण प्रभारित होतो. आता शेजारी इलेक्ट्रॉन ओढणारा नाही, ढकलणारा आहे. पाणी फॉस्फरसवर येतं, कार्बन-फॉस्फरस बंध तुटतो, ती इलेक्ट्रॉनची जोडी दोन कार्बनच्या मध्ये दुहेरी बंध बनवते आणि क्लोरीन क्लोराइड होऊन निघून जातो. मागे उरतो फॉस्फेट, आणि हवेत जातो इथिलीन वायू. इथिलीन हे झाडाचं स्वतःचं संप्रेरक. त्यामुळेच पान पिवळं पडून गळतं, फळ पिकतं.

यातून एक कामाची गोष्ट. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर इथेफॉन फवारणीच्या टाकीतच फुटायला लागतं. वायू टाकीतून उडतो आणि झाडाला मिळतं पाणी. पाण्याचा सामू तपासायला का सांगतात, ते आता कळलं असेल.

तर एका शेजाऱ्यामुळे क्लोरीन वर्षभर हलत नाही, दुसऱ्यामुळे काही दिवसांत निघून जातो. अल्काइल हॅलाइडच्या धड्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. हॅलोजन कुठला हे बघा, पण तो कोणाच्या शेजारी बसलाय हे आधी बघा.

रिपोर्टमध्ये का दिसलं नाही

आता पुन्हा २०१०. मामाचा प्रश्न होता, "रिपोर्ट क्लीन होता, मग तिकडे कसं सापडलं?"

सरळ कारण हे की त्या वेळी आपल्याकडच्या निर्यात द्राक्षांच्या तपासणी यादीत हे रसायन नव्हतं. अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून होती, प्रत्येक बागेची नोंद होती, नमुने तपासले जात होते. पण यंत्राला जे शोधायला सांगाल तेच ते शोधतं.

आणि याच्या मागे पुन्हा रसायनशास्त्र आहे. प्रयोगशाळेत एकाच वेळी शेकडो कीडनाशकं शोधायची तर द्राक्षाचा लगदा इथाइल ॲसिटेटसारख्या सेंद्रिय द्रावकात घुसळतात. बहुतेक कीडनाशकं तेलकट स्वभावाची, ती द्रावकात उतरतात. सीसीसी हा क्षार आहे. कायमचा धन प्रभार. तो पाण्याची साथ सोडत नाही, द्रावकात उतरत नाही. म्हणजे तुम्ही शेकडो नावं तपासलीत तरी हे बाहेरच राहणार. त्याच्यासाठी मिथेनॉल वापरून वेगळीच पद्धत लागते. नावातलं 'अमोनियम क्लोराइड' वाचलं असतं तर हे आधीच सुचण्यासारखं होतं. त्या सीझननंतर हे नाव आपल्या तपासणीतही आलं.

मर्यादा किती होती? किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २० टन द्राक्षांत १ ग्रॅम. साखरेची एक चिमूट.

इथे एक गैरसमज काढून टाकते. मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा लगेच आजारी पडतो असं नाही. युरोपात हेच रसायन गव्हावर वापरतात, काड आखूड राहावं आणि पीक लोळू नये म्हणून. तिथे गव्हातली मर्यादा द्राक्षांपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. द्राक्षावर त्यांच्याकडे त्याचा वापर मान्य नाही, म्हणून मर्यादा जवळपास शून्याला टेकवलेली. म्हणजे हा नियम वापराचा आहे. पण माल परत आला की नियम कुठल्या कारणाने केला हे शेतकऱ्याला सांगून उपयोग नसतो.

दुसरा प्रश्न मामाचाच: "मी एप्रिलमध्ये मारलं, तोडणी फेब्रुवारीत. मध्ये अख्खा पावसाळा गेला. धुऊन नाही का गेलं?"

नाही गेलं, कारण ते पानावर बसलेलंच नव्हतं. सीसीसी मारतात ते झाडाच्या आत जाण्यासाठी. झाड स्वतःच्या वाढीसाठी जिबरेलिन बनवतं, सीसीसी ते बनणं रोखतं. खरड छाटणीनंतर शेंडा धावायचा थांबतो, काडीत अन्न साठतं, डोळ्यात घडनिर्मिती चांगली होते. नंतर फळछाटणी झाली की मणी लांबवायला आपण तेच जिबरेलिन जीए म्हणून बाहेरून देतो! आत गेलेलं सीसीसी पाण्यात विरघळतं, रसाबरोबर फिरतं, आणि सहज तुटत नाही. युरोपातल्या नासपतीच्या बागांत असं दिसलंय की फवारणी बंद केल्यावर पुढच्या वर्षीच्या फळातही त्याचे अंश येतात. खोडात साठलेलं बाहेर येत राहतं. एका क्लोरीनचं न हलणं म्हणजे काय, ते बागेत असं दिसतं.

जाता जाता पॅलेटकडे

निर्यातीचे खोके ज्या लाकडी पॅलेटवर रचतात, त्यावर जळका शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलंय. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडने. हा सगळ्यात लहान अल्काइल ब्रोमाइड. रिकामी रिक्षा आणि सैल बसलेला प्रवासी. किडीच्या शरीरातल्या प्रथिनांवरचे न्यूक्लिओफाइल गट त्याचं मिथाइल चटकन उचलतात आणि प्रथिनाचं काम बिघडतं. एस-एन-टू किडीला मारतं तसं माणसालाही मारू शकतं, म्हणून ते प्रशिक्षित लोकांनीच हाताळायचं. वर जाऊन ते ओझोनही खातं, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर त्याचा वापर आवळत आणला, क्वारंटाइनसारखी मोजकी कामं सोडून.

शेवटी

मामाला त्या वर्षीचे पूर्ण पैसे मिळाले नाहीत. मामीचा फ्रिज दोन वर्षांनी आला. मामा अजून बाग करतो. फरक एवढाच, आता नवीन कॅन आला की तो मोबाइलने खालच्या बारीक अक्षरांचा फोटो काढतो आणि मला पाठवतो. खाली लिहितो, "वाच गं हे." कधी मला लगेच कळतं, कधी मीही शोधत बसते. पण फवारणीच्या आधी नाव वाचलं जातं.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हाच गृहपाठ दिलाय आणि तुम्हालाही देते. घरी, शेतात, काकाच्या दुकानात जो कॅन असेल त्याचं ब्रँडचं नाव झाका आणि खालचं नाव वाचा. झाकण उघडू नका, हुंगू नका, फक्त वाचा. क्लोरो, ब्रोमो, फ्लुओरो काही दिसतंय का? तो कुठल्या कार्बनवर आहे? शेजारी कोण आहे? नाव वहीत उतरवून आणा, पुढच्या भागात त्यातलीच दोन-तीन घेऊ.

तो मुलगा काल आला होता. वहीत अकरा नावं होती. त्यातल्या सहांमध्ये क्लोरीन. म्हणाला, "मॅडम, यातली तीन बाबांना वेगवेगळी औषधं वाटत होती. खाली नाव एकच आहे."

चला, भेटू पुढच्या भागात. कोळशाची गाडी आलीच आहे.